बॅटरी मार जरा

आमच्या घरी लाइट गेली की ‘टॉर्च आण’ असं कुणी म्हणत नाही. ‘बॅटरी कुठंय?’ अशीच हाक येते. ती सापडते तेव्हा तिच्यात सेल नसतात, कारण ते कधीच भिंतीवरच्या घड्याळात गेलेले असतात. इन्व्हर्टरचं धूड तीही बॅटरी, मोबाइलच्या पोटात तापते तीही बॅटरी आणि अंधारात उजेड पाडणारी नळी तीही बॅटरीच. गोंधळ मात्र कुणाचाच होत नाही. ‘विजेरी’ शाळेच्या पुस्तकात भेटली आणि तिथंच राहिली. ‘विजेरी मार जरा’ असं अख्ख्या पंचवटीत कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आमचा जिना जुन्या वाड्याचा. सोळा लाकडी पायऱ्या, त्यातली नववी इतरांपेक्षा बोटभर उंच. भर दुपारीही तिथं संध्याकाळ असते. बाबांचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा एक छोटी बॅटरी घ्यावी म्हणून मी रविवार कारंजावर गेले. दुकानदाराने हातभर लांबीचं एक प्रकरण काढलं, छताच्या पंख्यावर झोत मारला आणि म्हणाला, “ताई, दीड किलोमीटर जाते.”

“मला सोळा पायऱ्याच जायचंय,” मी म्हटलं. तो हसला नाही.

खोक्यावरचे हे मीटर कसे मोजतात ते कळल्यापासून मला त्यांची गंमत वाटते. नीट मोजणारे लोक झोताचा उजेड विरत विरत पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं अंतर धरतात. लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप, आणि पाव लक्स म्हणजे साधारणपणे निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खोक्यावरचं सगळं खरं मानलं तरी दीड किलोमीटरवर फक्त कोजागिरी. आटवलेलं दूध घेऊन तिथं कोण जाणार? ल्युमेनच्या, म्हणजे बॅटरी एकूण किती उजेड टाकते त्याच्या, आकड्यांचंही तसंच. उजेड डोळ्याला दुप्पट वाटायला तो जवळजवळ चौपट लागतो, त्यामुळे खोक्यावरचा आकडा फुगतो तसा जिना काही उजळत नाही. जिन्याला दहा-पंधरा ल्युमेन पुष्कळ. जास्त झाले तर बाबांचे डोळे दिपतात आणि नववी पायरी आणखीच दिसेनाशी होते.

निफाडकडे राहणाऱ्या काकांचं गणित मात्र वेगळं. पंपाला लागणारी थ्री फेज लाइट रात्री आली की द्राक्षबागेला पाणी रात्रीच द्यावं लागतं. त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या असतात. डोक्याला बांधलेली ड्रिपच्या नळ्या बघायला, तिचा उजेड पसरट. दुसरी हातात, अरुंद झोताची, उसाच्या कडेला दोन डोळे चमकतात का ते बघायला. बिबट्याला पायऱ्यांचं माप चालत नाही.

मी शेवटी अंगठ्यापेक्षा जरा लांब, एका पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. चार्जिंगची नको होती. भिंतीत खुपसायच्या दोन पिनांची एक बाई आमच्या कपाटात वारलेली आहे. तिच्या पोटात शिसं-आम्लाची बॅटरी असते, महिनोन्‌महिने उपाशी ठेवली की ती पुन्हा उठत नाही. १८६५० हा लिथियमचा सेल चांगला, नाव म्हणजे मापच: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. पण दुकानात दिसला त्याच्यावर ९,९०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं होतं, म्हणजे त्यात वीज किती मावते ते. चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात, मग हा उरलेला माल कुठं ठेवतो? पेन्सिल सेल निदान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो.

एवढ्याशा नळीत केवढी खटपट असते पाहा. सेल देतो दीड व्होल्ट, पांढऱ्या एलईडीला लागतात तीनेक. आतलं बोटाच्या नखाएवढं सर्किट ते चढवून देतं. आणि पांढरी एलईडी मुळात पांढरी नसतेच. बॅटरी बंद करून काचेतून आत पाहिलं तर हळदीच्या बोटासारखा पिवळा ठिपका दिसतो. त्याखालून येतो तो निळा प्रकाश. हळदीतून गाळून आला की मिसळून पांढरा दिसतो. हा निळा दिवा बनवायला जमत नव्हता म्हणून जग अडलं होतं, आणि तो जमवला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं. सेल केवढ्याला?”

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागली आणि आमच्या गल्लीची लाइट गेली. आमची नोबेलवाली पेटली, लुकलुकली आणि विझली. बाबांनी ती तळहातावर दोनदा आपटली. पेटली. चार पायऱ्या उतरलो, पुन्हा गेली.

सकाळी त्यांनी निदान केलं: “सेल उन्हात ठेव.” त्यांच्या पितळी बॅटरीच्या काळातला उपाय. दोन जाडे सेल, बुडाच्या झाकणात स्प्रिंगखाली जपलेला जादा बल्ब, आणि गच्चीवर पापडांशेजारी ऊन खाणारे सेल. उबेने आतली रसायनं जरा चपळ होतात, उजेड थोडा वेळ परत येतो, इतकंच. इथं नवा सेल घातला तरी तेच रडगाणं. म्हणजे सेल निर्दोष.

मग बुडाचं झाकण काढलं. या नळीत वायर नसते, नळीचं अंगच वायर. पण वरचा काळा मुलामा वीज नेत नाही. नेते ती फक्त आट्यांची आणि कडेची उघडी धातू. तिथं काळपट चिकट मळ बसला होता. स्पिरिटचा बोळा फिरवला, पांढरा कापूस काजळासारखा निघाला. तरी लुकलुक चालूच. मग चॉकलेटचा चांदीचा कागद गुंडाळून त्याची काडी केली, एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं नळीच्या उघड्या कडेला. लख्ख पेटली, हलवली तरी विझेना. चोर झाकणात होता.

झाकणात डोकावलं तर बटण जागेवर धरून ठेवणारं आट्यांचं एक कडं, समोरासमोर दोन बारीक खाचा असलेलं, बोटाने हलत होतं. त्या खाचांत काय घालावं? चिमटा घसरत होता. शेवटी भाचीच्या कंपासपेटीतला कर्कटक आणला. दोन्ही टोकं खाचांत अशी बसली जणू भूमितीचा तास याचसाठी होता. पाव फेरा, अर्धा फेरा, घट्ट.

त्या रात्री पुन्हा लाइट गेली. जिन्याच्या तोंडाशी मी बाबांच्या हातात बॅटरी दिली, पेटवून. त्यांनी ती घेतली, पेटलेलीच तळहातावर दोनदा आपटली, आणि मग नवव्या पायरीवर मारली.