रँग्लर परांजप्यांचा फलक करताना

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत २६ जानेवारीला पुण्याच्या नामवंतांचे छोटे प्रदर्शन ठरले आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे माझ्या वाट्याला आले. समितीच्या मते काम सोपे होते: केंब्रिज, १८९९, पहिले भारतीय सीनियर रँग्लर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले), फर्ग्युसनचे प्राचार्य, खाली फोटो. मी सहज म्हटले, ते ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेही घालू. त्यावर समितीतले एक काका म्हणाले, "अहो ताई, वकिलात सांभाळून आलेल्याला कुलगुरूपद म्हणजे निवृत्तीनंतरची सोय. त्यात काय लिहायचंय?"

हे मला पटेना. मग ग्रंथालय गाठले.

तिथला प्रवेश थोडक्यात सांगते. ओळखपत्र, फोटो आणि कोणाच्या तरी लेटरहेडवर पत्र. सोसायटीचे लेटरहेड चालेल का, यावर काउंटरवर बराच खल झाला. शिक्का असेल तर चालेल असे ठरले. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात आणि सेक्रेटरी मुलीकडे बंगळूरला. असो.

जुनी पुस्तके घरी देत नाहीत, बसून टिपणे काढावी लागतात. मुर्डी आणि मुरूड यांत गल्लत होते हे पहिल्याच दिवशी कळले. दोन्ही गावे दापोलीकडची; परांजपे मुर्डीचे, त्यांचे आतेमामे नात्यातले महर्षी कर्वे मुरूडचे. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी पडताळायची सवय मला तिथेच लागली.

खरे काम झाले ते एका कोऱ्या कागदावर. डावीकडे साल, उजवीकडे पद. १९०२, फर्ग्युसनचे प्राचार्य. १९२१, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री. १९३२ ते १९३८, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४४ ते १९४७, ऑस्ट्रेलिया. १९५६ ते १९५९, पुणे. म्हणजे वकिलातीच्या आधीच त्यांनी एक विद्यापीठ चालवलेले होते. काकांचा मुद्दा इथेच निकालात निघाला. कॅनबेराचे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतले, पद तरी कुठे शोभेचे होते? १९४४ साली दिल्लीत सरकार इंग्रजांचे. प्रतिनिधित्व त्या सरकारचे करायचे आणि तेही अशा देशात, जिथे कायदाच गोऱ्या नसलेल्यांना स्थायिक होऊ देत नव्हता. आयुष्यभर उदारमतवादी राहिलेल्या माणसाला ही खुर्ची किती टोचली असेल, याचा मी नुसता अंदाज करू शकते. त्यांची नात, चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे, यांचे बालपणही काही काळ आजोबांबरोबर तिथे गेले.

पुण्यात ते कुलगुरू झाले तेव्हा वयाची ऐंशी गाठलेली. विद्यापीठ १९४९ चे, म्हणजे जेमतेम सात वर्षांचे; आधीचे कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. गणेशखिंडीत गव्हर्नरची कोठी मिळाली होती, पण कुलगुरूचे काम त्या कोठीपुरते नव्हते. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले, तोवर कोल्हापूर-सांगलीकडची कॉलेजेही पुण्यालाच जोडलेली. परीक्षा, संलग्नता, अभ्यासक्रम, सगळ्यांचा व्याप इथे. याला सोय म्हणायचे असेल तर काकांनी आठवडाभर एखाद्या परीक्षा विभागात बसून बघावे. पुढे १९६१ साली परांजप्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले, नाव 'एटी-फोर नॉट आउट'.

फलकावर शेवटी १८९९ ला दोन ओळी मिळाल्या, कॅनबेराला चार, पुणे विद्यापीठाला पाच. वाद झाला तो शेवटी भलत्याच गोष्टीवर. त्या वर्षी सीनियर रँग्लरचा मान परांजप्यांना बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता, हे मी लिहिले. समितीने ती ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही, फलक तसाच छापायला दिला.