सदतीस नंबरची पावती

आमच्या शाळेत खिचडी रांधणाऱ्या मावशींची वर्षानुवर्षं एकच तक्रार. "डाय शिजतच नाई वो बाई." डाळीचा दोष नाही, पाण्याचा आहे. दर्यापूर तालुका म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी, अमरावती, अकोला, बुलढाण्यात जमिनीखाली पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. हापशाचं पाणी भांड्यात वाळलं की पांढरा थर बसतो. नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि आला तरी साठवायला शाळेत धड टाकी नव्हती. जुनी सिमेंटची टाकी होती, तिच्या भेगेतून पिंपळ उगवला होता. पोरं घरून बाटली आणायची, ती मधल्या सुट्टीपर्यंत संपायची, मग तहान लागली की हापशाचंच.

मी शाळा व्यवस्थापन समितीत कशी आले त्याची काही मोठी कथा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. बाईचं नाव लागतं म्हणून माझं घातलं. अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं. बारावी झालेली आहे आणि बचत गटाची वही सहा वर्षं लिहिते, एवढीच काय ती पात्रता. आमचे हे म्हणाले, "सही करायची अन् चहा प्यायचा, दुसरं काय असते त्यात?" मलाही तसंच वाटलं होतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि पहिल्याच पालकसभेत पाण्याचा विषय निघाला. कोणी म्हणे आरओ बसवा. मुख्याध्यापक सरांनी एक साधी गोष्ट सांगितली की खाऱ्या पाण्यावर आरओ चालवला तर जेवढं गोड पाणी मिळतं त्याहून जास्त पाणी फेकावं लागतं, पडदा लवकर खराब होतो, आणि तो बदलायला दरवर्षी कोण पैसे देणार? त्यापेक्षा टिनाच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घ्यावं आणि पाऊस नसेल तेव्हा त्याच टाकीत नळाचं भरावं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सातवीच्या पोरांना टेप घेऊन छपराखाली उभं केलं. लांबी 12 मीटर, रुंदी 6. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हे मला त्या दिवशी पोरांबरोबर कळलं. म्हणजे 10 मिलिमीटरच्या एका सरीत 720 लिटर. सांडलवंड पाचवा हिस्सा सोडला तरी 5,000 लिटरची टाकी भरायला 87 मिलिमीटर पाऊस पुरतो. पट 84. पोरामागे प्यायला आणि खिचडीला मिळून रोजचे दोन लिटर धरले तर भरलेली टाकी महिनाभर जाते. हे गणित पोरांनी फळ्यावर मांडलं आणि तेच मी पुढे सहा महिने दारोदार सांगत फिरले.

खर्चाचा अंदाज 54,000 निघाला. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान मिळतं, आमच्या पटाला वर्षाला 25,000. त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं, शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातून टाकी होणं शक्य नव्हतं. ग्रामपंचायतीत गेलो. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या, निधीतून पाण्याचं काम बसत होतं, पण ते काम आधी गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं आणि चालू वर्षाचा आराखडा केव्हाच मंजूर झालेला. आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, तेव्हा या, असं सांगितलं. जुलैमध्ये जाऊन काही उपयोग नाही, हे ज्यांच्या शाळेत असं काम काढायचं असेल त्यांनी लक्षात ठेवावं.

मग उरली लोकवर्गणी. पहिल्याच घरी आबाजींनी ओट्यावरून उठायच्या आधीच विचारलं, "मांगच्या साली गॅदरिंगले दोन-दोनशे देल्ले, थे कोठी गेले?"

मला उत्तर देता आलं नाही. ते पैसे एका माणसाच्या मोबाइलवर जमा झाले होते. मंडप लागला, पोरं नाचली, बक्षिसं वाटली, पण हिशोब कोणी लावला नाही. खाल्ले असतीलच असं मी म्हणत नाही. बहुतेक नसतील खाल्ले. पण "नसतील" यावर गावात कोणी पन्नास रुपये देत नाही. तिसऱ्या घरी तेच, सातव्या घरी तेच. संध्याकाळी मी वही बंद केली आणि ठरवलं की पावती पुस्तक आल्याशिवाय कोणाच्या ओट्यावर चढायचं नाही.

समितीचा ठराव घेतला. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत, तेव्हा सक्ती करता येत नाही, म्हणून पावतीवर "स्वेच्छेने" छापलं. अनुक्रमांक, दोन प्रती, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का. आणि पैसा कोणाच्या मोबाइलवर नाही, समितीच्या खात्यावर.

खात्याचं प्रकरण मात्र वेगळंच निघालं. खातं होतं, पण दोन वर्षांवर त्यात काही व्यवहार नव्हता म्हणून बँकेनं ते निष्क्रिय केलेलं. त्यात सही जुन्या अध्यक्षांची. पहिल्या फेरीत ठरावाची प्रत मागितली. दुसऱ्या फेरीत कळलं की ठरावावर जुन्या अध्यक्षांचं नाव कमी केल्याचंही लिहायला हवं होतं. तिसऱ्या फेरीत आधार, पॅन, फोटो सगळं होतं, पण सर पंचायत समितीत बैठकीला गेले होते आणि दोघांनी एकत्र हजर राहायचं होतं. चौथ्या वेळी आम्ही दोघं एसटीनं गेलो आणि सगळे कागद घेऊन काउंटरपुढे उभे राहिलो. खातं सुरू झालं, त्यात 1,143 रुपये निघाले. क्यूआर कोड यायला आणखी आठ दिवस. बचत गटाचं खातं उघडताना आम्हा दहा बायांना याहून कमी त्रास झाला होता, हे मी तिथल्या साहेबांना सांगितलं. ते हसले, मला काही हसू आलं नाही.

पावती क्रमांक 1 कोणाची असेल? सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली पावती सरपंचांची फाडू, बरं दिसतं. पण पुस्तक हातात आलं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. शाळेत लाकडी नंद्यांची सजावट होती. कोणाच्या बैलाला घुंगरू, कोणाच्या बैलाला चॉकलेटच्या चमकी कागदाची झूल. दुपारी पोरं नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे नंदीच्या नावाचे खाऊ-पैसे, मागून आली. तिसरीतलं एक पोट्टं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि मुठीतलं दहाचं नाणं पुढे केलं. "काकू, टाकीसाठी. पावती देजा." मी लिहिली. नाव, अक्षरी रुपये दहा फक्त, सही. त्यानं ती दप्तरात न ठेवता नंदीच्या शिंगाला दोऱ्यानं बांधली आणि गावभर फिरवली. त्या दिवशी मी ज्या घरांत जाऊ शकले नाही, तिथे ती पावती जाऊन आली.

तरी खरा पैसा दिवाळीनंतरच आला. ऑगस्टात कास्तकाराच्या घरी फवारणीचं औषध उधारीवर असते, तिथे वर्गणी मागणं म्हणजे माणसाची फजिती करणं. सोयाबीन निघालं, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली, मग लोक स्वतःच थांबवू लागले. "वहिनी, पावती आणली काय?" कोणी पैसे न देता दाणे दिले. एकानं सोयाबीनचं अर्धं कट्टं, दोघींनी मूग. आता याची पावती कशी करायची? गटात आम्ही असं कधी केलं नव्हतं. शेवटी असं ठरवलं की देणाऱ्यासमोर वजन करायचं, पावतीवर किलो लिहायचे, रुपये नाही. मग सगळं एकत्र करून दर्यापूरच्या अडतीत नेलं आणि अडत्याची हिशोबपट्टी त्या पावत्यांच्या मागे टाचून ठेवली. 6,840 आले.

पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या पोरांनी 17,000 पाठवले. त्यातल्या एकानं आयकरात सूट मिळणारी 80जीची पावती मागितली. आमच्या समितीकडे ती नोंदणी नाही, असं स्पष्ट कळवलं. त्यानं तरी पाठवले.

गवंडीभाऊंची गंमत वेगळी. ओटा बांधायची मजुरी घेणार नाही म्हणाले, पण पावती पाहिजे. "पैसे घेतलेच नाई तं पावती कशाची?" मी म्हटलं. ते म्हणाले, "बोर्डावर नाव लागते ना सगळ्यायचं? मंग माहं काहून नाई?" बरोबरच होतं त्यांचं. श्रमदानाचं वेगळं पान केलं. पहिली ओळ त्यांची, दुसरी ट्रॅक्टरभर रेती आणणाऱ्याची.

आता सदतीस नंबर.

डिसेंबरमधली गोष्ट. एका घरी पाचशे लिहायचे तिथे मी पाच हजार लिहिले. एक शून्य जास्त पडलं. मी दोन्ही प्रती फाडल्या, नवीन 38 नंबरची लिहिली आणि बिघडलेली 37 पिशवीत कोंबली. रात्री चूल पेटवताना पिशवीतला रद्दी कागद घातला, त्यात ती गेली. मला पत्ताही नाही. आठ दिवसांनी आबाजी शाळेत आले, पावती पुस्तक बघायला मागितलं. त्यांना तो हक्क होताच. चष्मा लावून एकेक स्थळप्रत उलटत गेले आणि थांबले. "छत्तीस. अडतीस. सदतीस कोठी हाये?"

मी पिशवी झटकली, घरी धावले, वही झाडली. मग आठवलं. चुलीतली राख तर दुसऱ्याच दिवशी सकाळी उकिरड्यावर गेलेली.

सर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचं काय, समजावून सांगू. पण मला रात्रभर झोप आली नाही. गटातल्या बायांना मीच शिकवते की चुकलेली पावती फाडायची नाही, दोन्ही प्रतींवर तिरपी रेघ मारून "रद्द" लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायची. दुसऱ्याच्या वहीत मी ती चूक पकडली असती. पुढच्या पालकसभेत मी उभी राहिले आणि झालं तसं सांगितलं, चुलीसकट. मागे दोघी-तिघी हसल्या. ज्यांच्या घरी ती लिहिली होती त्या काकांनी उठून सांगितलं की मी पाचशेच दिले आणि माझ्याजवळ 38 ची पावती आहे. इतिवृत्तात तसं लिहिलं, त्यांची आणि आबाजींची साक्षीची सही घेतली. आबाजींनी सही करताना एवढंच म्हटलं, "बरं झालं सांगतलं." त्यानंतर त्यांनी वर्गणी दिली. 201 रुपये.

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर बाल आनंद मेळावा भरवला. पोरांनी दुकानं लावली. आलूबोंडे, भेळ, तिळाचे लाडू, उकडलेली बोरं. पाचवीतल्या एका पोरीचे आलूबोंडे तासाभरात संपले, ती उड्या मारत आली, "चारशे कमावले!" मॅडमनी तिला विचारलं, बेसन कितीचं, तेल कितीचं, आलू कोणी आणले? पोरगी बोटं मोजत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. घरचं तेल तिनं धरलंच नव्हतं. तेल न धरता 130 उरत होते. तिनं त्यातले 60 टाकीला दिले आणि 70 आईला तेलाचे म्हणून परत केले. गाणी-नाच झालेच, पण मला तो दिवस तिच्या बोटांवरच्या हिशोबानं आठवतो. मेळाव्यातून टाकीसाठी 2,310 आले.

गावातली रोख आणि क्यूआरवरची वर्गणी 21,650. सगळं मिळून जमा 47,800. मजुरी आणि रेती वाचल्यामुळे खर्च 46,930 वरच थांबला. शिल्लक 870, आणि खात्यातले जुने 1,143 तसेच. हे सगळं रस्त्याकडच्या भिंतीवर काळ्या रंगाचा पट्टा मारून त्यावर खडूनं लिहिलं. नावं, रक्कम, कोणत्या दुकानातून काय घेतलं, बिल क्रमांक. पहिल्याच आठवड्यात बकऱ्यांनी खालच्या दोन ओळी घासून टाकल्या, तर संध्याकाळपर्यंत तिघं सांगायला आले की आमचं नाव पुसलं गेलं.

टाकी फेब्रुवारीत बसली, पन्हाळी मार्चमध्ये लागली, तेव्हा शाळा सकाळची झाली होती. मग अख्खा उन्हाळा ती टाकी नळाच्या पाण्यावर अर्धीमुर्धी भरत राहिली आणि लोक जाता-येता विचारत राहिले, "पडते काय मंग पाणी टाकीत?" ढग नाहीत तर पडणार कुठून!

जूनमध्ये पहिला पाऊस रात्री आला. छपरावरची धूळ, पाखरांची घाण टाकीत जाऊ नये म्हणून पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं असतं, त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवलेला. तो उघडा आहे की बंद, मला आठवेना. बॅटरी घेऊन, डोक्यावर पोतं घेऊन शाळेत गेले. मावशी आधीच तिथे उभ्या होत्या, पदर खोचून. व्हॉल्व्ह उघडाच होता, लालसर पाणी भळभळ वाहत होतं. वीस मिनिटं आम्ही दोघी पडवीत थांबलो. पाणी निवळलं, तसा मावशींनी व्हॉल्व्ह फिरवला आणि पाइपाला कान लावला.

शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. पातेल्यावरचं झाकण काढून पळीनं डाळ वर काढली, दाणा बोटानं चेपला आणि माझ्यापुढे धरला.