गुणक आणि उन्हाळा

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे, गणित चौथीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे आणि नवशिक्याला भुरळ पडते ती नेमकी त्यामुळेच. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला, म्हणजे मदरबोर्डच्या ठोक्याला, गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. गुणक ३६ असेल तर ३.६ गिगाहर्ट्झ, ४१ केला तर ४.१. इंटेलच्या १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, तेव्हा हौशी मंडळींनी मूळ क्लॉकच ६६ वरून १०० वर नेला आणि ३०० मेगाहर्ट्झची वस्तू ४५० वर पळवली. आता तशी लूट राहिलेली नाही. माझा रायझन ५ ३६०० हा एएमडीचा प्रोसेसर गरज पडेल तसा आपणहून ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. त्याचे सगळे कोअर, म्हणजे आतले गणना करणारे भाग, हाताने ४.१ वर बांधले, तर एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात उलट थोडा तोटाच होतो. मित्राचे मत स्पष्ट आहे, "भावा, एवढ्यासाठी कशाला तापवायलाईस? नवीनच घे की!" हिशेबाने त्याचे बरोबर आहे, पण नादाला हिशेब लावला की तो नाद उरत नाही.

खरे शिक्षण सुरू होते ते व्होल्टेजपाशी. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागू लागतो, आणि विजेची खपत वेगाच्या प्रमाणात वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात; १.१ व्होल्टचे १.२ केले, तर तेवढ्यानेच उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. ही उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जायची असते, आणि कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी ती हवा आधीच तापलेली असते. त्यामुळे जानेवारीच्या सकाळी पंचाहत्तरीत राहणारा प्रोसेसर मे महिन्यात त्याच चाचणीला नव्वदीकडे सरकतो. या चिपची मर्यादा ९५ अंशांची आहे.

शिवाजी उद्यमनगरातला जुना मिस्त्री लेथचा आवाज ऐकूनच फीड वाढवायचा की आवरायचा ते ठरवतो. प्रोसेसरला मात्र आवाज नाही, म्हणून प्राइम९५ हा प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा चाचणीचा प्रोग्रॅम लावून आकडे न्याहाळत बसावे लागते. पंखा घोंगावू लागतो, सगळे सुरळीत चाललेले दिसते आणि मग बारा थ्रेडपैकी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांपैकी, एकच चूक दाखवून मुकाट्याने थांबतो, बाकीचे अकरा आपल्या कामात मग्न. अशा वेळी गुणक पावने उतरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज तोडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवला की बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) मूळ मांडणी परत येते. विंडोज कोसळून निळा पडदा येणे तसे प्रामाणिकपणाचेच म्हणायचे. खरी भीती मेमरीचा वेग अती वाढवल्यावर जाणवते, कारण तेव्हा यंत्र कुरकुर न करता फायलीतला एखादा बिट बदलून टाकू शकते. म्हणून चाचणीपूर्वी कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवाव्यात.

माझ्या मते नवशिक्याने पहिला धडा उलटा गिरवावा, म्हणजे वेग आहे तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे कमी करत जावे. त्यात धोका कमी असतो, पंखा शांत होतो आणि चिपची कुवत हाताला कळते. बायॉसमध्ये मी दोन प्रोफाइल जपून ठेवली आहेत, एक थंडीचे आणि दुसरे उन्हाळ्याचे. सध्या उन्हाळ्याचे चालू आहे आणि त्यात गुणकाला हात लावलेला नाही.