जामीन अडला तो 'से'वर

सेशन कोर्टात जामीन अर्ज टाकला की कोर्ट आधी सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'से' म्हणतात. या 'से'नं आमचा जीव मेटाकुटीला आणला.

मेव्हण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, पूर्वीच्या भादंविचं ३०७. बांधावरून भांडण झालं, समोरच्याचं डोकं फुटलं आणि फिर्यादीत अख्ख्या भावकीची नावं आली. जन्मठेपेचं कलम, तेव्हा मॅजिस्ट्रेटकडून फारशी आशा नको, असं वकिलांनी आधीच सांगितलं. कोठडी, सेशनला अर्ज, सगळं पटापट झालं.

मग सुरू झाल्या तारखा. "से आलेला नाही, साहेब." पुढची तारीख. तपास अधिकारी बंदोबस्ताला. पुढची तारीख. न्यायाधीश रजेवर. एकदा तर केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची नोंदवही आली, से नाही. ठाण्यात गेलो तर रायटर, म्हणजे तिथला लिखापढीचा पोलीस, म्हणतो साहेबांची सही राहिलीय. सरकारी वकिलांचा कारकून म्हणतो ठाण्यातून कागदच आला नाही. सासूबाई दर तारखेला मागच्या बाकावर बसून असायच्या, आज सोडतील म्हणून.

जामीन अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावेत, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितलंय. वकिलांना ते दाखवलं तर आधी हसले. मग त्याच निकालाच्या आधारे लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे तपास अधिकाऱ्याला जातीनं हजर राहण्याचा आदेश झाला. तोंडी विनवण्यांत वेळ घालवू नका, हा अर्ज दुसऱ्याच तारखेला द्या.

से आला. एक पान! आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, पळून जाईल, पुरावा नष्ट करेल. तिसऱ्या ओळीत नाव भलत्याच माणसाचं, कुठल्या तरी दुसऱ्या गुन्ह्यातलं तसंच राहून गेलेलं. याच्यासाठी आमचा माणूस आत सडत होता.

न्यायाधीशांनी विचारलं ते वेगळंच. फिर्यादीप्रमाणे कुऱ्हाड कुणाच्या हातात होती? ती जप्त झाली का? जखमी दवाखान्यातून घरी गेला का? आधीचे गुन्हे आहेत का? आमच्या माणसाच्या हातात काठी होती, तिथेच काम झालं. म्हणून फिर्याद आणि जखमेचा दाखला स्वतः नीट वाचा, वकिलांच्या भरवशावर राहू नका.

हो, एक राहिलंच. अशा कलमात ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण अर्ज चार्जशीट यायच्या आत पडायला हवा. आमच्याकडे ती वेळेत आली, तो मार्ग बंद. आणि जामीनदाराचा ताजा सातबारा आधीच काढून ठेवा. आम्ही ठेवला होता, आदेशाच्या दुसऱ्या दिवशी मेव्हणा बाहेर आला.

साक्षी होईपर्यंत तालुक्यात पाय ठेवायचा नाही, अशी अट आहे. सध्या तो आमच्याकडेच राहतो, आणि शेत सासूबाई गडी लावून बघतात.