थँक्सगिव्हिंगची वाइन: निवडायला सोपी, हातात पडायला महाकठीण

गेल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी टर्की पक्षी भाजून खायच्या अमेरिकन सणाला, आमच्याकडे न्यू जर्सीत तीन-चार मराठी कुटुंबं जेवायला होती आणि मी ठरवलं की सगळ्या वाइन अमेरिकनच आणायच्या. सण इथला, टर्की इथली, मग बाटली फ्रान्सची कशाला? निवडताना काही त्रास झाला नाही. त्रास दिला तो कुरिअरवाल्यांनी, अजून आठवलं की डोकं तापतं म्हणून लिहायला बसले.

आमची टर्की म्हणजे दही, आलं-लसूण, लाल तिखट लावून रात्रभर मुरवलेली, जोडीला क्रॅनबेरीची गूळ घातलेली चटणी, कोथिंबीर वडी, आणि शाकाहाऱ्यांना भरली वांगी. अशा जेवणाला कॅलिफोर्नियातल्या नापाची दणदणीत लाल कॅबर्ने घेऊ नका, पाहुण्यांवर छाप पाडायची म्हणून तर मुळीच नको. तिच्यातलं टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) आणि जास्तीचं अल्कोहोल यांनी तिखट अजून झोंबतं. मला हवी होती न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सची रीसलिंग, ही पांढरी वाइन. नायगाऱ्याला जाताना आपण सगळे आईवडिलांना वॉटकिन्स ग्लेनचे धबधबे दाखवतो ना, तोच भाग, तिथे सेनेका लेकच्या दोन्ही काठांना वायनरीच वायनरी (वाइन बनवणारे कारखाने) आहेत. उन्हाळ्यात तिथे चाखलेली एक लक्षात राहिली होती, तीच थेट वायनरीतून मागवली. वेबसाइटने जन्मतारीख विचारली, कार्ड घेतलं, झालं. नवऱ्याचं कार्ड होतं म्हणून बॉक्स त्याच्या नावाने. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गंमत अशी की इथे वाइनचा बॉक्स दारात ठेवून जात नाहीत. एकवीस वर्षांवरच्या माणसाने सरकारी ओळखपत्र दाखवून सही करायची, तरच मिळणार. सरकारी पोस्ट तर दारू नेतच नाही, त्यामुळे खासगी कुरिअरच्या हातापाया पडण्याशिवाय इलाज नाही.

कुरिअरवाला पहिल्यांदा आला तेव्हा घरी फक्त सासूबाई. त्यांचा पासपोर्ट आम्ही कपाटात कुलपात ठेवलेला. त्या माणसाने आयडी मागितला, आईंनी पर्समधलं आधार कार्ड काढून दाखवलं, तो नकारार्थी मान हलवून दारावर चिठ्ठी चिकटवून निघून गेला. लगेच मला फोन, "अगं, तो मला वय विचारत होता! केस पांढरे दिसत नाहीत का त्याला?" मी सांगितलं आत काय होतं, तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, नाहीतर दारूच्या खोक्यावर सही झाली असती माझी." त्यानंतर त्या दाराकडे फिरकेनात.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम घरून काम केलं. दाराजवळच्या खोलीत बसले, हेडफोनसुद्धा लावला नाही. बेल वाजलीच नाही. संध्याकाळी कचरा टाकायला बाहेर पडते तर दारावर चिठ्ठी, 'घरी कोणी नव्हते'. मी दिवसभर घरात! कस्टमर केअरला फोन लावला तर आधी मशीन, मग अजून एक मशीन, मग एक बाई, ती म्हणते ड्रायव्हरने प्रयत्न केल्याची नोंद आहे. शेजारी ठेवा म्हटलं तर अल्कोहोल शेजारी ठेवता येत नाही. अॅपमधून आधीच सही करून देते म्हटलं तर तेही चालत नाही. शेवटी म्हटलं, तुमच्या पिकअप सेंटरला ठेवा, मीच येते.

गेले. रांग दाराबाहेर, सगळ्यांचेच सणाचे बॉक्स अडकलेले. माझा नंबर आला, लायसन्स दिलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणते नाव जुळत नाही. बॉक्सवर नवऱ्याचं नाव, आणि मी माहेरचं आडनाव बदललेलं नाही. पत्ता तोच आहे ना, म्हटलं. ऑर्डरचा ईमेल दाखवला, लग्नाचा फोटोसुद्धा दाखवला. नाही म्हणजे नाही. नवरा कामासाठी शिकागोला, बुधवारी परतणार, आणि तोवर कोणी नेला नाही तर बॉक्स उलट वायनरीला जाणार. बॉक्स तिच्या मागे दिसत होता हो मला!

नंतर चिडून वाचत बसले तेव्हा कळलं की 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा दारूचे नियम राज्यांच्या हातात गेले, म्हणून प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. न्यू जर्सीने 2012 साली घरपोच वाइनला परवानगी दिली तीसुद्धा वर्षाला अडीच लाख गॅलनपेक्षा जास्त बनवणाऱ्या वायनरींना वगळून.

मग काय, धोका नको म्हणून गावातल्या लिकर शॉपमध्ये गेले आणि सगळं तिथेच मिळालं. ओरेगनच्या विलामेट व्हॅलीची पिनो न्वार घेतली, हलकी लाल, टर्कीला मस्त. इतर राज्यांत लेबलवर द्राक्षाचं नाव लिहायला वाइनमध्ये ते द्राक्ष 75 टक्के असलं तरी पुरतं, ओरेगनात पिनोला 90 टक्के लागतं. वडीबरोबर न्यू मेक्सिकोची ग्रुए, फेसाळणारी, फ्रान्सहून आलेल्या कुटुंबाने सुरू केलेली, शॅम्पेनच्याच पद्धतीने बनते आणि किंमत खूपच कमी. एक झिनफँडेल, म्हणजे दमदार लाल वाइन, घेतली कारण एका मित्राला हवीच होती, पण लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघून घ्या, 15 टक्क्यांच्या पुढेही असतो. आणि व्हाइट झिनफँडेल नावाची गुलाबी गोड भानगड वेगळी, चुकून ती उचलू नका.

अरे हो, पाहुण्यांत कोणी कट्टर शाकाहारी असेल तर आधी विचारा. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात कधीकधी, आणि अमेरिकन लेबलवर ते लिहायची सक्ती नाही. 'अनफाइन्ड', म्हणजे असं काही घालून नितळ न केलेली, लिहिलेली बाटली चालते, नाहीतर वायनरीला ईमेल करा, उत्तर देतात.

बुधवारी रात्री नवरा विमानतळावरून थेट सेंटरवर गेला आणि बॉक्स घेऊन आला. दुसऱ्या दिवशी रीसलिंगच आधी संपली, भरल्या वांग्याबरोबर तर लोकांनी मागून मागून घेतली. तिच्या मागच्या लेबलवर बऱ्याचदा ड्राय (गोडवा नसलेली) ते स्वीट (गोड) अशी पट्टी असते, आपल्या मसाल्याला मीडियम ड्राय बघा. एका बाटलीत साधारण पाच ग्लास, त्या हिशोबाने घ्या. गार करायला विसरलात तर बर्फात पाणी घालून बाटली बुडवा, अर्ध्या तासात होते, नुसत्या बर्फात वेळ लागतो.

ख्रिसमसला मागवणार असाल तर जो माणूस गावात असेल आणि ज्याच्या लायसन्सवर तेच नाव असेल त्याच्याच नावाने मागवा, आणि पहिल्यापासूनच पिकअप सेंटरचा पत्ता द्या, दारात यायची वाट बघू नका. मी मात्र यंदा दुकानातूनच घेणार आहे.