पाचशे छर्रे आणि सराफाचा काटा

कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा फायरिंग संपलं की पहिलं काम असायचं रिकामी पितळी काडतुसं वेचायचं. पाच गोळ्या दिल्या की पाच रिकामी परत. एक जरी कमी भरलं तरी सगळ्या मुली गवतात ओणव्या. नेमबाजी म्हणजे मुळात मोजामोजी, हे तेव्हाच डोक्यात बसलं असावं.

बावीस वर्षांनी, दोन पोरं आणि शाळेतली विज्ञानाची नोकरी सांभाळून, मी पुन्हा रायफल धरली. या वेळी हवेची. इथे ना दारू, ना काडतूस. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा आणि शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा. वीस ज्यूलच्या आतली आणि याच मापाची रायफल असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. माझ्या रायफलची ताकद तर जेमतेम आठ ज्यूल. शेजारच्या काकींनी एकदा कुंपणावरून विचारलं होतं, "माकडां मरतीत काय गो ह्येच्यान?" मी म्हटलं, नाही हो, ही कागदावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी आहे. काकी निराश झाल्या. त्या वर्षी त्यांची सगळी शहाळी वानरांनी खाल्ली होती.

तर, बालेवाडीच्या स्पर्धेला नाव दिलं आणि पुण्याहून कुरिअरने छर्र्यांचे डबे मागवले. एका डब्यात पाचशे. ठरवलं की या खेपेला छर्रे नीट तयार करूनच जायचं. एकसारखे वजन, एकसारखे माप, वगैरे वगैरे.

सुरुवातच फसली. मागच्या पावसाळ्यातला एक अर्धा डबा घरात होता. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जुलैत मीठसुद्धा पाणी होऊन बरणीबाहेर येतं. त्या छर्र्यांवर करडी कळा आली होती. मी, विज्ञान शिकवणारी बाई, ते चकचकीत करायला रात्रभर व्हिनेगरमध्ये घालून ठेवले. सकाळी छान उजळले होते. धुतले, ताटात पसरले. पण जुलैत काय वाळतंय? आठवड्याने बघते तर सगळ्यांवर पांढरी भुकटी. मग आठवलं की जुन्या काळी रंगाचा सफेदा असाच तर करायचे, शिशाला व्हिनेगरच्या वाफा देऊन! विषारी प्रकरण. छर्रे आणि ते उरलेलं पाणी दोन्ही बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. परसात ओतायची हिंमत झाली नाही, विहीर जवळ आहे. ती बरणी अजून मांगराच्या, म्हणजे परसातल्या खोपीच्या, फळीवर आहे. नववीच्या वर्गाला ही गोष्ट सांगितलेली नाही.

नवा डबा आल्यावर शहाणी झाले. धुणं नाही, पुसणं नाही. छर्र्याचं तोंड सपाट असतं, कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ, पातळ, घेरदार. त्याला स्कर्ट म्हणतात. मी परकर म्हणते. शिसं इतकं मऊ की कुरिअरवाल्याने पाकीट आपटलं की परकर चेपतो. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना मागची हवा त्या परकराला सगळीकडून सारखी ढकलायला हवी. एका बाजूला चेप असेल तर छर्रा तिरका होऊन निघतो. म्हणून एक काच थोडी उतरती ठेवली आणि छर्रे एकेक करून त्यावरून सोडले. चांगला छर्रा एका डौलदार वळणाने घरंगळतो; चेपलेला लंगडतो. पाचशेतून अकरा लंगडे निघाले. हे काम मला फार आवडलं. बाहेर पाऊस, आणि आत एकामागून एक छर्रे काचेवर वळण घेतायत.

मग वजन. कुडाळला माझा मावसभाऊ सराफ आहे. मिलिग्रॅम दाखवणारा काटा त्याच्या पेढीवर असतो. दुकान बंद असायच्या दिवशी डबा घेऊन गेले. पंखा बंद, दार बंद, काट्याची काच बंद, कारण श्वासानेसुद्धा आकडा हलतो. घामाच्या धारा. चिमट्याने एकेक छर्रा ठेवायचा, आकडा वाचायचा, खणात टाकायचा. खण म्हणून घरातला जुना मिसळणाचा डबा नेला होता, सात वाट्यांचा. ०.५२६ पासून ०.५३४ ग्रॅमपर्यंत सगळं त्यात बसलं. भावाने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "गो ताये, सोना असता तर मोजूक मजा इली असती." शेवटी तोच चहा घेऊन आला आणि मी घेतला नाही. शिसं हाताळताना तोंडात काही घालायचं नाही, हा एक नियम मी कधी मोडत नाही. आधी साबणाने हात, मग चहा.

तीन तासांनी मान आखडली होती. परतीच्या एसटीत, खिडकीचा पत्रा गळत असताना, उगीच मनात हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. छर्र्याचा वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. निशाण दहा मीटरवर, तिथवर जायला ०.०६ सेकंद. तेवढ्यात तो जेमतेम १७ मिलिमीटर खाली येतो. पाच मिलिग्रॅमचा फरक म्हणजे वजनात एक टक्का. वेग अर्ध्या टक्क्याने घटणार, खाली येणं एक टक्क्याने वाढणार. म्हणजे ०.१७ मिलिमीटर. निशाणावर गुणाचा एक दशांश हा ०.२५ मिलिमीटरचा. तीन तास, आखडलेली मान, आणि कमाई एक दशांश गुणही पुरता नाही!

तरी खात्री करायची म्हणून मांगरात सुताराचा शिकंजा फळीवर पक्का केला, रायफल फडक्यात गुंडाळून आवळली. समोर दहा मीटरवर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली लोखंडी पेटी, आत तिरका पत्रा, म्हणजे छर्रा उलटून येत नाही. दहा-दहा छर्र्यांचे गट मारले आणि शाळेच्या व्हर्नियरने भोकांचा घेर मोजला. वजन जुळवलेले दहा: ६.१ मिलिमीटर. त्याच डब्यातले न जुळवलेले दहा: ६.२. पुन्हा मारले तर उलट आकडे आले. मग छर्र्याच्या तोंडाच्या वेगवेगळ्या मापांचे डबे घेतले, ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर. इथे मात्र फरक डोळ्यांना दिसला. माझ्या नळीला ४.५० मानवतो, ४.५१ चा गट ७.४ वर गेला. दुसऱ्या कुणाच्या रायफलला नेमका उलटा कौल मिळेल, म्हणून मैत्रिणीचं माप उसनं घेऊन उपयोग नाही. लंगड्या अकरांपैकी एक तर थेट नऊ गुणांच्या रेषेवर जाऊन बसला.

त्यामुळे आता माझी तयारी अशी: ४.५० चे डबे एकाच बॅचचे, डब्यावरचा नंबर जुळवून घ्यायचे. काचेवरून घरंगळवून बघायचे. डब्याच्या झाकणात सिलिका जेलची पुडी. तांदूळ घालून पाहिले होते, त्यांची पूड परकरात शिरते. बस्स. काटा भावाकडेच राहू दे. मिसळणाचा डबा मात्र माझ्याकडेच राहिला. "त्यात शिसं गेलं ना, मग तो माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही," असं सासूबाईंनी बजावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. कुडाळच्या बाजारातून नवा आणून दिला. त्या म्हणतात याची झाकणं नीट बसत नाहीत.

एक गोष्ट राहिली, हवा. पावसाळ्यात हातपंपाने भरत होते. त्यात दमट हवा सिलिंडरात जाते आणि खांदे निघतात ते वेगळंच. स्पर्धेआधी कोरडी, गाळलेली हवा हवी होती. मालवणला स्कुबावाल्यांकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्यांचं काम पावसात बंद. सप्टेंबरात समुद्र शांत झाल्यावर रायफलचा वीतभर सिलिंडर आणि अडॅप्टर घेऊन गेले. कॉम्प्रेसरवर माझाच एक जुना विद्यार्थी. सिलिंडर उलटसुलट करून बघितलान आणि विचारलान, "मॅडम, एवढ्याशा सिलिंडरात किती मीटर जातास?"

"दहा," मी म्हटलं.