राजीनामा टाकण्याआधी

आजचा दिवस क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांचे रेझ्युमे वाचण्यात गेला. सगळ्यांचा डोळा सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चावर. अहो, त्यात कंपनीचा पीएफ हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. हातात किती पडणार ते विचारा! नोटीस ९० दिवसांची आणि नवी कंपनी ३० दिवसांत बोलावत असेल, तर बायआउटचे, म्हणजे नोटीसच्या उरलेल्या दिवसांच्या बदल्यात जुन्या कंपनीला द्यायचे, पैसे कोण भरणार हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. तोंडी ‘बघू’ला अर्थ नाही.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग ५ वर्षांच्या आत काढलात तर कर लागतो. ट्रान्सफरचं घोडं बहुतेकदा ‘डेट ऑफ एग्झिट’वर, म्हणजे नोकरी सोडल्याच्या तारखेवर अडतं. जुन्या कंपनीने ती टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिने थांबून पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.